‘मर्यादेत आहे’ म्हणजे पाइपाच्या तोंडाशी, की पेल्यात?

नाल्याच्या पाण्याचा रिपोर्ट घेऊन माणूस येतो, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, “काय भो, सगळं मर्यादेत आहे ना? मग प्यायला हरकत नाही?” कागद खरा असतो, आकडेही खरे असतात, तरी उत्तर ‘हरकत आहे’ असंच द्यावं लागतं. मर्यादा दोन आहेत. त्या कागदावर छापलेली असते ती एकच, आणि बहुतेक वेळा ती पेल्याची नसते.

पहिली मर्यादा सांडपाणी बाहेर सोडण्याची. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या सहाव्या अनुसूचीत तिचा सर्वसाधारण तक्ता आहे. ज्या उद्योगाला स्वतंत्र मानकं नाहीत त्याला हा तक्ता लागतो, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखान्याच्या संमतीपत्रात त्याहून कडक अटही घालू शकतं. दुसरी मर्यादा पिण्याच्या पाण्याची, आयएस १०५०० या भारतीय मानकातली, सध्याची आवृत्ती २०१२ ची.

आता कॅडमियम हा विषारी धातू पाहा. नदी-नाल्यात सोडताना लिटरमागे २ मिलिग्रॅम चालतं, पिण्याच्या पाण्यात ०.००३. म्हणजे साडेसहाशे पटींहून जास्त फरक. शिशाचं ०.१ आणि ०.०१, पाऱ्याचं ०.०१ आणि ०.००१, हे दहा-दहा पट. तांबं ३ आणि ०.०५ (दुसरा स्रोतच नसेल तर १.५). जस्तात मात्र दोन्हीकडे ५! त्यामुळे ‘सोडायची मर्यादा अमुक पट सैल’ असा एकच हिशेब करता येत नाही. प्रत्येक धातू वेगळा बघावा लागतो.

आपल्याकडे खदान म्हटलं की काळा दगड आणि खडी क्रशर. धातूची खाण खानदेशात नाही. शिसं-जस्त उदयपूरजवळ जावरला, तांबं बालाघाटच्या मलाजखंडला, क्रोमाइट ओडिशातल्या सुकिंद्याला. शिसं, जस्त, तांबं यांच्या खाणीत सल्फाइडच्या, म्हणजे गंधक असलेल्या, खनिजाला हवा-पाणी लागलं की आम्ल तयार होऊ शकतं आणि ते दगडातले धातू विरघळवून बाहेर आणतं. आपण ते दूरचं समजतो. पण एमआयडीसीतल्या मुलामा देण्याच्या कारखान्याला धातूंसाठी असाच तक्ता लागतो, म्हणून हा घोळ आपल्याही दारात आहे.

सोडायची मर्यादा इतकी सैल का? एक कारण, ती शुद्धीकरणाला काय जमतं ते बघून ठरते. सांडपाण्यात चुना घालून सामू (पीएच) वाढवला की धातू चिखलासारखे खाली बसतात. पण कॅडमियम नीट बसायला सामू साडेदहा-अकरापर्यंत न्यावा लागतो, आणि बाहेर सोडताना तो ९ च्या वर चालत नाही. म्हणजे आधी चढवायचा, गाळ वेगळा करायचा, मग आम्ल घालून उतरवायचा. फार चढवला तर जस्त परत विरघळतं. खर्चाचं काम आहे, आणि चुना वाचवायचा मोह कुणाला होत नाही?

दुसरं कारण, नदीत गेल्यावर पाणी पातळ होईल हे गृहीतक. जुलैत ठीक. मे महिन्यात आपल्याकडच्या बारक्या नाल्यांत सांडपाण्याशिवाय दुसरं पाणी असतं कुठं?

शिवाय ही मर्यादा लिटरमागची आहे. दिवसाला दहा लाख लिटर पाणी २ मिलिग्रॅम कॅडमियमसह सोडलं, तर रोज २ किलो कॅडमियम बाहेर गेलं आणि नियम मोडलाही नाही. विहिरीचं पाणी मिसळून आकडा उतरवला तरी किलो तेवढेच. दुधात पाणी घातलं की फॅटचा टक्का उतरतो, एकूण लोणी तेवढंच राहतं, तसं हे.

पण मला सर्वांत जास्त खटकतो तो सहाव्या अनुसूचीतल्या तक्त्याचा तिसरा रकाना, जमिनीवर सिंचनासाठी सोडण्याचा. सर्वसाधारण तक्त्यात तिथं आर्सेनिकपुढे ०.२ आहे, कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त यांच्यापुढे नुसती रेघ. जागतिक अन्न व कृषी संघटनेची सिंचनासाठीची शिफारस कॅडमियमला ०.०१, तांब्याला ०.२ आणि जस्ताला २ आहे. म्हणजे माणसाला चालतं त्यापेक्षा कमी जस्त पिकाला चालतं. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटानं शेतांच्या गटांना (फडांना) वाटून देण्याच्या जुन्या पद्धतीत, एका बंधाऱ्याखाली झिरपलेलं पाणी पुढचा बंधारा पुन्हा अडवतो आणि पाटकरी (पाणी वाटणारा) ते फडाफडात फिरवतो. अशा नदीत पाइप आणि पेला यांच्यामध्ये पाट येतो.

जपानमध्ये हेच झालं. कामिओका खाणीचं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं, नदीचं पाणी भातखाचरांत गेलं, भातातून ते लोकांच्या हाडांत आणि मूत्रपिंडांत पोचलं. हाडं इतकी ठिसूळ झाली, की आजाराला ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच नाव पडलं. १९६८ मध्ये सरकारनं तो प्रदूषणाचा आजार मानला. तिथं आज कॅडमियम सोडायची मर्यादा ०.०३ आहे.

टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या) मीटरनं यातलं काहीच कळत नाही. चारशे टीडीएसच्या पाण्यात अर्धा मिलिग्रॅम कॅडमियम आलं तरी काटा हलल्याचं जाणवणार नाही. यावल-रावेरकडं फिल्टरवाले मीटर दाखवून घाबरवतात ते क्षारांना. धातू हा वेगळाच विषय आहे.

म्हणून विहिरीचा नमुना द्यायला जाल तेव्हा पावतीवर ‘आयएस १०५०० नुसार’ असं लिहून घ्या. आणि रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असं आलं, तर यंत्राला किमान किती दिसतं तेही विचारा. ज्या यंत्राला कॅडमियम ०.०१ च्या खाली दिसतच नाही, त्याचं ‘आढळले नाही’ ०.००३ बद्दल काहीच सांगत नाही.