धुऊन कातायची की ‘ग्रीसमध्ये’? कच्च्या लोकरीच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कच्ची लोकर आधी धुवावी की ‘ग्रीसमध्येच’, म्हणजे न धुता मेंढीच्या अंगच्या तेलकटपणासकट, कातावी, हा वाद हाताने कातणाऱ्यांमध्ये इतका चघळून झालाय की आता दोन्ही बाजू एकमेकांचं नीट ऐकतही नाहीत. एक जण छातीठोकपणे सांगतो की पूर्वी सगळे न धुताच कातायचे, दुसरा म्हणतो की न धुतलेली लोकर कार्डरला, म्हणजे लोकर पिंजायच्या दातेरी साधनाला, लावणं म्हणजे कार्डरची वाट लावणं. पाणी किती गरम, डिटर्जंट किती, तंतू एकमेकांत गुंतून नमदा होऊ नये म्हणून ढवळायचं कसं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे, ते परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते ‘ग्रीस’ या शब्दाबद्दल, कारण माझ्या मते निम्मा गोंधळ त्याच शब्दाने घातलाय.

नुकती कातरलेली एक बट हातात घ्या. टोकाला मातीने चिकटून बसलेली गाठ, मध्ये फिकट पिवळसर भाग आणि कातरलेल्या बाजूला हात मऊ पडावा असा तेलकटपणा. ही बट थंड पाण्यात पंधरा मिनिटं ठेवली की पाणी चहासारखं तपकिरी होतं. बरेच जण हे पाणी बघून म्हणतात, बघा किती ग्रीस निघालं! पण ते ग्रीस नसतंच, ती माती आणि मेंढीचा वाळलेला घाम. या घामाला स्यूंट म्हणतात, त्यात मुख्यतः पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते थंड पाण्यातही विरघळतात. खरं ग्रीस अजून लोकरीवरच बसलेलं असतं. ते मेण आहे, साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, आणि ६० अंशांच्या साबणाच्या पाण्यात सुटलं की पाणी तपकिरी नाही, दुधासारखं पांढुरकं होतं. मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीत कच्च्या वजनाचा १५-२० टक्के भाग निव्वळ या मेणाचा असू शकतो, जाड लोकरीच्या जातींत तो ५-१० टक्क्यांवर येतो. आपण ग्रीस म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा मेण, घाम आणि माती हे तिन्ही एकत्र पकडतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. इंग्लंडच्या जुन्या लोकर व्यापारातही मेण आणि घाम मिळून ‘योक’ असा एकच शब्द होता, म्हणजे ही सवय आजची नाही.

फार जुन्या काळाबद्दल थोडक्यातच सांगते. सुरुवातीच्या मेंढ्यांची लोकर दरवर्षी आपोआप गळायची, ती उपटून घ्यायचे, कातर बरीच नंतर आली. पहिल्या शतकातल्या रोमन लिखाणात लोकर धुवायला एका वनस्पतीचं मूळ वापरतात आणि त्याने लोकर पांढरी आणि मऊ होते अशी नोंद आहे. फेस येणाऱ्या अशा मुळांत सॅपोनिन असतं, रिठ्यात असतं तेच. त्याच काळातल्या औषधांच्या ग्रंथांत लोकर गरम पाण्यात घालून वर तरंगणारं मेण गोळा करायची कृतीही आहे, ते मलमासाठी वापरायचे. म्हणजे मेण वेगळं काढता येतं आणि त्याला गरम पाणी लागतं, हे दोन हजार वर्षांपूर्वीच माहीत होतं.

नंतर कित्येक शतकं युरोपात लोकर धुण्याचं मुख्य साधन होतं शिळं मूत्र. ऐकून नाक मुरडलं जातं, पण मागचं रसायन अगदी सरळ आहे. मूत्रातल्या युरियाचं काही दिवसांत अमोनिया होतं, पाणी हलकं अल्कधर्मी होतं, आणि कॉस्टिक सोड्यासारखं लोकर जाळत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या कापडाच्या गावांत ते घराघरातून गोळा केलं जायचं. याला एक आर्थिक कारणही होतं जे सहसा कोणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये १७१२ ते १८५३ साबणावर कर होता. कापड धंद्याला त्यात सवलत मिळायची, तरी साबण ही जपून वापरायची चीज होती आणि मूत्र फुकट होतं. १८२०च्या दशकापासून कारखान्यात बनलेला धुण्याचा सोडा ब्रिटनमध्ये स्वस्त व्हायला लागला, पुढे साबणावरचा कर गेला, आणि मग हळूहळू साबण-सोड्याची जोडी मूत्राच्या जागी आली. त्यातही पाणी मऊ असलं तरच मजा, कठीण पाण्यात साबणाचा चिकट साका होऊन तो लोकरीवरच बसतो. यॉर्कशरलगतच्या पेनाइन डोंगरांतून उतरणारं मऊ पाणी हे त्या भागात लोकरीचा धंदा टिकण्याचं एक मोठं कारण होतं.

आता मुख्य मुद्द्यावर येते, ‘धुतलेली लोकर’. १९व्या शतकात हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर टबात भिजवलेली फ्लीस, म्हणजे एका मेंढीची कातरलेली अख्खी लोकर, येते, पण व्यापारात त्याचा अर्थ भलताच होता. इंग्लंडमध्ये कातरणीच्या आठ-दहा दिवस आधी मेंढ्यांनाच ओढ्यात उभं करून धुवायचे, मग त्यांना स्वच्छ कुरणात सोडायचे म्हणजे मेण पुन्हा वर येईल आणि कातर सहज चालेल. अशा मेंढीची लोकर ती ‘धुतलेली’. कातरल्यावर गरम पाण्यात साबण-सोड्याने साफ केली तर ती ‘स्कावर्ड’. आणि काहीच केलं नसेल तर ती ‘ग्रीसमधली’. ऑस्ट्रेलियात लोकर बैलगाडीने आणि मग जहाजाने हजारो मैल जायची, मातीचं भाडं कशाला भरायचं म्हणून तिथेही मेंढ्या धुवायचे. मेरिनोचं जड मेण थंड ओढ्याला दाद देत नाही, म्हणून १८६०च्या दशकात काही मोठ्या फार्मांवर गरम पाण्याचे हौद आणि उंचावरून जोरात पडणाऱ्या धारा, असा सगळा थाट उभा राहिला. रेल्वे आली, वाहतूक स्वस्त झाली, आणि पुढच्या दोनेक दशकांत हा उद्योग परवडेनासा होऊन लोकर ग्रीसमध्येच पाठवायला लागले.

आता विचार करा. ओढ्यात धुतलेल्या मेंढीच्या लोकरीतला घाम आणि बरीचशी माती गेली, मेण मात्र जवळपास तसंच राहिलं. घरच्या बाईने ही लोकर पुन्हा न धुता कातली तर तिने धुतलेली लोकर कातली की ग्रीसमध्ये कातली? दोन्ही. त्यामुळे जुन्या लिखाणातलं एखादं वाक्य उचलून ‘बघा, तेव्हा न धुताच कातायचे’ असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्या लोकरीला पाणी लागलेलं असायचं, फक्त मेंढीच्या अंगावर असताना.

दुसरी गल्लत तेलाची. मध्ययुगापासून कापडासाठी कातताना लोकर आधी धुवायची आणि मग तिला वरून तेल किंवा लोणी चोळायचं ही पद्धत युरोपात सर्रास होती, उत्तरेकडे लोणी, चांगल्या मालाला ऑलिव्ह तेल. पिंजताना आणि विंचरताना तंतू तुटू नयेत, उडू नयेत म्हणून. विणून झालं की कापड पुन्हा मूत्राने आणि मुलतानी मातीसारख्या मातीने धुऊन ते तेल काढायचे. मग कुणी लिहिलं की कातणाऱ्यांचे हात तेलाने माखलेले असायचे, तर ते मेंढीचं मेण होतं की चोळलेलं लोणी? बऱ्याचदा लोणी किंवा तेलच. इतका खटाटोप करून मेण आधी काढायचे आणि मग विकतचं तेल घालायचे, यातच उत्तर आहे. ताजं मेण हाताला छान लागतं, पण हवेने ते हळूहळू घट्ट आणि चिकट होतं, आणि माती धरून ठेवतं. मी स्वतः एक फ्लीस न धुता जवळजवळ दोन वर्षं ठेवली होती, बाहेर काढली तेव्हा टोकं पिवळी पडून एकमेकांना चिकटली होती, बट ओढली की ताणायच्या ऐवजी तुटायची. नंतर दोनदा गरम पाण्यातून काढूनही ती पूर्वीसारखी झाली नाही.

कारखान्यांच्या काळात हेच मेण डोकेदुखी झालं. यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डसारख्या शहरात लोकर धुतलेलं पाणी ओढ्यात आणि गटारात जायचं, २०व्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या सांडपाण्याच्या प्रकल्पात ते मेण वेगळं काढून विकायला लागले, वंगण म्हणूनसुद्धा. त्याआधी १८८२ मध्ये जर्मनीत शुद्ध केलेल्या मेणाला ‘लॅनोलिन’ हे नाव मिळालं आणि घाण समजली जाणारी गोष्ट औषधाच्या दुकानात पोचली. धुण्यामागे आरोग्याची बाजूही होती. ब्रॅडफर्डच्या कामगारांना बाहेरून आलेल्या लोकरीतून आणि मोहेरमधून (अंगोरा शेळीचे केस) अँथ्रॅक्स हा जीवघेणा रोग व्हायचा, १९१९ मध्ये त्यासाठी कायदा झाला आणि १९२१ पासून लिव्हरपूलला धोक्याचा माल सोडा-साबणाने धुऊन फॉर्मल्डिहाइडमधून काढायचं सरकारी केंद्र चालू झालं.

मग आजचा ‘ग्रीसमध्ये कातणं’चा आग्रह आला कुठून? माझ्या समजुतीप्रमाणे त्यातला मोठा वाटा न्यूझीलंडचा आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे घरोघरी लोकर कातून खलाशांसाठी जर्सी आणि मोजे विणायचे, आणि मेण मुद्दाम ठेवायचे म्हणजे समुद्राचं पाणी लवकर आत शिरत नाही. पुढे १९६०-७०च्या दशकांत हातकताईची लाट आली, तेव्हा ही सवय हाताशी होतीच आणि ती तिथे चालायचीही उत्तम, कारण फ्लीस आज कातरलेली, मेंढी बहुतेक रॉमनीसारखी कमी मेणाची, सूत जाड, आणि कातून झाल्यावर लडी गरम पाण्यात धुवायची. मग हा सल्ला पुस्तकांतून आणि शिकवण्यांमधून जगभर गेला, पण सोबतच्या अटी मागेच राहिल्या. ज्यांच्याकडे सहा महिने जुनी, पोस्टाने आलेली मेरिनो होती त्यांनीही तेच करून बघितलं, आणि घरगुती ड्रम कार्डर आल्यावर तर दातांत काळपट चिकटा बसायला लागला. सल्ला वाईट नव्हता, तो एका विशिष्ट लोकरीचा सल्ला होता.

डिटर्जंट आले आणि धुण्याची बाजू सोपी झाली हेही तितकंच खरं. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीची टंचाई पडली म्हणून कृत्रिम डिटर्जंटवर काम सुरू झालं, १९५०च्या दशकापर्यंत ते घराघरात पोचले. कठीण पाण्यातही त्यांचा चिकटा होत नाही, आणि लोकरीला सोसेल अशा कमी अल्कलीत ते मेण उचलून पाण्यात धरून ठेवतात. मेणात ग्लिसरीन नसतं, त्यामुळे ते तेलासारखं सोड्याशी जुळून सहज साबण होत नाही, त्याला असं उचलूनच काढावं लागतं. पाणी थंड होऊ दिलं की उचललेलं मेण परत लोकरीवर बसतं, नवख्यांची लोकर धुऊनही चिकट राहते ती बहुतेक यामुळे. गिरण्यांत लाडकी असलेली नॉनिलफेनॉल जातीची डिटर्जंट नदीतल्या माशांना घातक ठरली, युरोपात २००३ मध्ये त्यांच्यावर निर्बंध आले, तेव्हापासून दुसऱ्या प्रकारची वापरतात.

गेल्या काही वर्षांत स्यूंट आंबवायची पद्धत पुन्हा जोरात आहे. पावसाच्या पाण्यात घाणेरडी फ्लीस आठवडाभर झाकून ठेवायची, तिच्याच घामाच्या क्षारांत आणि जंतूंच्या कामात ती साफ होते, आणि तेच पाणी पुढच्या फ्लीसला वापरायचं. घामाच्या पाण्यात दम असतो यात शंका नाही, १८६०च्या सुमारास फ्रान्समध्ये रीम्स आणि एल्बफला त्याच पाण्यातून पोटॅश (पोटॅशियमचा क्षार) काढायचा धंदा चालायचा. माती आणि घाम या पद्धतीने सुंदर निघतात, मी केलेल्या दोन्ही वेळी टोकं अगदी मोकळी झाली. पण या लोकरीलाही लोक ‘पूर्ण धुतलेली, ग्रीस गेलेलं’ म्हणायला लागलेत, आणि बोटांत धरून ऊब दिली की मेण लगेच जाणवतं. ओढ्यातल्या मेंढीसारखीच ही लोकर, घाम गेलाय, मेण आहे. लगेच कातणार असाल तर काहीच अडचण नाही, दोन वर्षं पिशवीत ठेवणार असाल तर एकदा ६० अंशांच्या पाण्यातून काढा.