गामेल डान्स्क आणि आक्वाविट: एक भिजवलेली, एक गाळलेली

डेन्मार्कहून कुणीतरी बाटली आणतं. ‘तिकडची स्नॅप्स आहे’, म्हणजे छोट्या ग्लासातून प्यायची कडक दारू, म्हणून ती फ्रीजरमध्ये जाते आणि रात्री माशांबरोबर निघते. बाटली आक्वाविटची असेल तर सगळं बरोबर जमलं. गामेल डान्स्क असेल तर वेळ चुकली, तापमान चुकलं आणि सोबतचा पदार्थही चुकला.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही डॅनिश, दोन्ही इवल्याशा ग्लासातून प्यायच्या, दोन्हींत झाडपाल्याचा आणि मसाल्याचा वास. शिवाय ‘दे दान्स्के स्प्रितफाब्रिकर’ ही 1881 साली स्थापन झालेली एकच कंपनी कित्येक वर्षं दोन्ही बनवत होती. तरीही त्यांच्यातला फरक मराठी माणसाला चटकन कळावा असा आहे, कारण तो आपल्या घरच्या औषधांत आहे. ओव्याचा अर्क आणि रात्री भिजत घातलेलं काडेचिराईत आठवा. अर्क नाकात जातो, डोकं मोकळं करतो, पण कडू लागत नाही. चिराइताचं पाणी मात्र सकाळी नाक दाबून प्यावं लागतं आणि तासभर जिभेवरून हलत नाही.

आक्वाविट ही अर्काच्या जातीची. तिचा प्राण म्हणजे कॅरावे, म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या गोतातलं बी, नाहीतर शेपूचं बी, ज्याला आपण बाळंतशेपा म्हणतो. दोन्ही बियांत कार्व्होन नावाचं एकच सुगंधी द्रव्य असतं. बाळंतिणीच्या खोलीतला बाळंतशेपाचा वास ज्यांना आठवतो, त्यांना आक्वाविटचा पहिला वास ओळखीचा वाटेल. बिया मद्यार्कात घालून तापवल्या की कार्व्होन वाफेबरोबर वर जातं आणि थंड होऊन पलीकडे उतरतं. कडवटपणा देणारी द्रव्यं जड असतात, ती वाफेबरोबर जात नाहीत, भांड्यातच राहतात. म्हणून आक्वाविटमध्ये सुगंध भरपूर आणि कडवटपणा नावाला.

युरोपीय संघाच्या नियमांनीही हेच पक्कं केलं आहे. आक्वाविटची चव कॅरावे किंवा शेपूच्या बियांच्या अर्कातून आलेली हवी, मद्यार्क किमान 37.5 टक्के हवा आणि कडू द्रव्यांची चव वरचढ असता कामा नये. कडू लागलं की ती आक्वाविट राहत नाही, इतकं ते स्पष्ट आहे. ऑल्बोर्ग शहरातली ताफेल आक्वाविट 1846 पासूनची, 45 टक्क्यांची आणि पाण्यासारखी नितळ. पण नुसत्या रंगावर विसंबू नका. नॉर्वेची लिनिए शेरीच्या जुन्या पिंपांत भरून जहाजाने विषुववृत्त ओलांडून परत आणतात, त्यामुळे ती सोनेरी दिसते. तरीही ती आक्वाविटच.

आता गामेल डान्स्क. नावाचा अर्थ ‘जुनी डॅनिश’, आणि लोक त्या नावावरून तिला शेकडो वर्षांची समजतात. प्रत्यक्षात ती बाजारात आली 1964 साली. जुनी आहे ती त्यामागची रीत: डॅनिश लोक रानातली पानं, मुळं, फळं मद्यार्कात भिजवून घरीच कडू दारू करत आले आहेत, आणि त्या घरगुती चवीला धरूनच ही बाटली आली. तिच्यात 29 वनस्पती आणि मसाले आहेत. पूर्ण कृती गुप्त आहे, पण आलं, दालचिनी, जायफळ, चक्रीफूल, तमालपत्राचा युरोपी भाऊ लॉरेल, कडू संत्रं, रोवानची लाल फळं, अँजेलिका आणि जेन्शियनचं मूळ ही नावं माहीत आहेत. मला यातलं जेन्शियन सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते आणि आपलं काडेचिराईत एकाच कुळातले. इथे कडवटपणा भांड्यात मागे ठेवायचा नसतो, तोच तर हवा असतो. म्हणून भिजवायचं. मद्यार्क 38 टक्के.

ग्लास उजेडात धरला तर रंग कोऱ्या चहासारखा दिसतो. पहिला घोट घेतला की आधी दालचिनी आणि संत्र्याची साल लागते, क्षणभर गोडसरही वाटतं, आणि गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूने कडू चढत येतं. फ्रीजरमध्ये घातली की आधीचे सगळे मसाले मुके होतात. एवढ्या 29 जिनसांचं मग काय राहिलं? आक्वाविटचं उलट आहे. ती थंडीने दाटसर होते, ग्लासावर बाष्प धरतं, आणि खारवलेल्या हेरिंग माशाच्या तेलकट, आंबटगोड घासावर तो गार शहाजिऱ्याचा झोत हवाहवासा वाटतो. नाताळच्या आणि ईस्टरच्या लांबलचक दुपारच्या जेवणांत तिची जागा ठरलेली आहे.

गामेल डान्स्कची वेळ सकाळची, आणि याचंच बाहेरच्यांना नवल वाटतं. लग्नाला 25 वर्षं झाली की शेजारीपाजारी दाराला हिरव्या फांद्यांची कमान बांधतात. आपल्या तोरणाची आठवण यावी अशीच ती असते. मग त्या दिवशी सकाळी सकाळी सगळे अंगणात जमून गाणी म्हणून जोडप्याला उठवतात. घरात बोलावल्यावर ताजे पाव, लोणी, चीज, कॉफी आणि एक छोटा ग्लास गामेल डान्स्क. वाढदिवसाच्या न्याहारीलाही तीच. ग्लास उचलायचा, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, ‘स्कोल’ म्हणायचं, प्यायचं, आणि खाली ठेवण्याआधी पुन्हा एकदा बघायचं. ही रीत मात्र दोन्ही बाटल्यांना सारखीच लागू आहे.

आता दोन्हींचं उत्पादन नॉर्वेत होतं. ऑल्बोर्गचा कारखाना 2015 मध्ये बंद पडला, आणि ज्या शहराचं नाव आक्वाविटच्या बाटलीवर आहे तिथे ती बनत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तेव्हा घरात बाटली आली असेल तर आधी लेबल वाचा. ‘आक्वाविट’ लिहिलं असेल तर फ्रीजर. ‘बिटर’ लिहिलं असेल तर कपाटात, उभी, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या वाढदिवसाची सकाळ येईपर्यंत तशीच.