गणित पेटी वर्गात वापरताना: दुसरी-तिसरीच्या शिक्षकांसाठी माहितीपत्रक

पेटीत 5 गटांचे साहित्य आहे. प्रत्येक गटाला 120 लाकडी काड्या, 15 रबर आणि 27 संख्याकार्डे (1 ते 9, 10 ते 90, 100 ते 900). एका गटात 4 ते 5 मुले बसवा. पट मोठा असेल तर गट फुगवू नका, कारण सहाव्या मुलाच्या हाताला काडी लागत नाही. अर्ध्या वर्गाला काड्या आणि अर्ध्याला वहीकाम द्या, मग अदलाबदल करा.

प्लॅस्टिकचे दशक दांडे (दहा दाखवणारा अखंड दांडा) आम्ही मुद्दाम दिलेले नाहीत. दांडा देखणा असतो, पण सुटत नाही. तो परत देऊन दहा सुटे घ्यायचे, आणि हे तेच दहा आहेत हे मुलाने नुसते मानायचे. दहा काड्यांना रबर लावून केलेल्या गठ्ठ्याचे रबर मात्र मूल स्वतः काढते. एकदा हे पक्के झाले की दांडे खुशाल वापरा.

संख्याकार्डे एकावर एक ठेवायची असतात. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, म्हणून बरीच मुले 52 लिहितात. त्यांना 20 चे कार्ड खाली आणि 5 चे त्यावर, उजव्या कडा जुळवून ठेवायला लावा. कार्डे शेजारी-शेजारी ठेवली तर 205 दिसेल. ही चूक लगेच सुधारू नका, मुलालाच वाचू द्या.

हातच्याची वजाबाकी: 52 − 28

मुलांनी फक्त 52 मांडायचे: 5 गठ्ठे, 2 सुट्या. अनेक गट 28 सुद्धा मांडून बसतात आणि मग काय काढायचे हेच कळत नाही. आता 8 सुट्या हव्यात, आहेत 2. एका गठ्ठ्याचे रबर काढा: 4 गठ्ठे, 12 सुट्या. इथे थांबून विचारा, "आता एकूण काड्या किती?" काही मुले 62 म्हणतील, काही 42. त्यांना सगळ्या काड्या मोजू द्या, पाच मिनिटे गेली तरी चालतील. 52 च भरतात हे पटल्याशिवाय फळ्यावर 5 खोडून 4 लिहिण्याला अर्थ नाही. मग 8 सुट्या आणि 2 गठ्ठे काढा, उरतील 24.

कोणाला समजले, हे फोनवर कसे पाहायचे

मुलांकडे फोन लागत नाही. प्लिकर्स या ॲपमध्ये प्रत्येक मुलाच्या हातात चौकोनी आकृतीचे कागदी कार्ड असते. उत्तराचे अक्षर (ए, बी, सी किंवा डी) वर येईल असे ते धरायचे, आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा; कोणाचे उत्तर काय ते फोनवर दिसते. 40 कार्डांचा संच त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत छापता येतो, म्हणून आम्ही तो विकत नाही. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. कार्डे जाड कागदावर छापा, पण चकचकीत लॅमिनेशन नको. खिडकीचा उजेड परावर्तित झाला की कार्ड वाचले जात नाही. काळ्या भागावर बोटे आली तरी तेच होते. शिक्षकाच्या फोनला नेट हवे.

खरे काम पर्याय निवडण्याचे आहे. वरच्या उदाहरणाला 24, 34, 36 आणि 80 हे पर्याय द्या. 34 म्हणणारे मूल दशक सुटा करते, पण एक गठ्ठा कमी झाल्याचे विसरते. त्याला काड्या मांडता-मांडता फळ्यावर लिहायला लावा. 36 म्हणणारे 8 मधूनच 2 वजा करते. त्याला पुन्हा नुसत्या काड्या. 80 वाल्याने चिन्हच पाहिलेले नाही. याच कामाला 52 − 27 घेऊ नका: दोन्ही चुकांचे उत्तर 35 च येते आणि कोणती चूक झाली ते कळत नाही.

नेट नसलेल्या शाळेसाठी

फेट या कोलोरॅडो विद्यापीठाच्या उपक्रमाची एचटीएमएल-5 मधली (ब्राउझरमध्ये चालणारी) सादरीकरणे फाईल म्हणून उतरवून घेता येतात. नंतर ती नेटशिवाय चालतात. बेरजेत दहा कसे पूर्ण होतात ते दाखवायला ‘मेक अ टेन’ घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली फाईल तिथूनच उघडली तर कधी पान कोरे दिसते. आधी फोनमध्ये सेव्ह करा, मग क्रोममध्ये उघडा.

दीक्षा ॲपमध्ये पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड पुसट असेल तर त्याखालची सहा अक्षरे टाइप करा. व्हिडिओ घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. तो काड्यांच्या तासानंतर दाखवा; आधी दाखवला तर मुले काड्या मांडायच्या ऐवजी उत्तर सांगायला धावतात.

देखभाल

उन्हाळ्याच्या सुट्टीत रबर विरघळून काड्यांना चिकटतात. सुट्टीपूर्वी सगळे गठ्ठे सोडून ठेवा. रबर संपले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटीमीटर रुंद रिंगा कापा. त्या जास्त टिकतात. काड्या हरवल्या तर खराट्याचे हीर एकसारखे कापून चालतात, फक्त टोके पॉलिश पेपरने घासा. काड्या, रबर आणि कार्डे आमच्याकडे सुटीही मिळतात. मागवताना पेटीच्या झाकणाच्या आतला क्रमांक कळवा, कारण जुन्या पेट्यांमधल्या कार्डांचे माप वेगळे आहे.