धनुष्य घेऊन रेल्वेने जाताना: मापं, नियम आणि जवळ ठेवायची कागदपत्रं

स्पर्धेची तारीख जाहीर झाली की आम्हा पालकांमध्ये हमखास एक प्रश्न फिरू लागतो, "गाडीत धनुष्य नेऊ देतात ना?" २०२३ मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) प्रकारात जगज्जेते झाले. तेव्हापासून मुंबईतही तिरंदाजीकडे वळणाऱ्या मुलांचा ओढा वाढलेला मला दिसतो. पहिल्यांदा बाहेरगावी निघणारी आई-बाबा मंडळी त्यामुळे दरवर्षी नवी असतात, आणि त्यांची धास्तीही. माझी मुलगी रिकर्व्ह, म्हणजे टोकं वळलेलं आणि सुटं करता येणारं धनुष्य, खेळते. तिच्यासोबत फिरताना जे शिकलो आणि रेल्वेचे नियम वाचून जे कळलं, ते इथे लिहितो आहे.

आधी मनातली भीती काढून टाका. खेळाच्या धनुष्यासाठी रेल्वेच्या सामान-नियमांत वेगळा रकाना नाही. तिथे मनाई आहे ती स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ, आम्लं, गॅसचे रिकामे सिलिंडर, दुर्गंधी किंवा धोका निर्माण करणाऱ्या वस्तूंना. रेल्वेच्या लेखी पेटीत बंद केलेलं धनुष्य हे तुमचं वैयक्तिक सामान असतं. त्यामुळे अडतं ते दोन ठिकाणी. एक पेटीची लांबी, आणि दुसरं म्हणजे तपासणीला उभ्या असलेल्या जवानाला हे खेळाचं साहित्य आहे हे पटवून देणं. पहिल्याचं उत्तर टेपमध्ये आहे, दुसऱ्याचं कागदात.

टेप घ्या आणि पेटी मोजा

डब्यात स्वतःजवळ ठेवायच्या ट्रंक, सुटकेस किंवा पेटीचं बाहेरून माप १०० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद आणि २५ सेंमी उंच याच्या आत हवं. यातलं एक माप जरी ओलांडलं तरी ती पेटी ब्रेक व्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) नोंदवून न्यावी, असा नियम आहे. थ्री टिअर एसी आणि एसी चेअर कारसाठी माप याहून कडक आहे, ५५ बाय ४५ बाय २२.५ सेंमी.

आता हे आपल्या साहित्याला लावून पाहू. रिकर्व्हचा नेहमीचा रायझर (हातात धरायचा मधला भाग) २५ इंचांचा, म्हणजे साधारण ६३.५ सेंमी. लाँग स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) २८ ते ३० इंच, म्हणजे ७१ ते ७६ सेंमी. जोडल्यावर ६८ किंवा ७० इंच भरणारं धनुष्य सुटं करून बॅगेत ठेवलं की स्लीपर किंवा टू टिअर एसीच्या मापात आरामात बसतं. थ्री टिअरमध्ये मात्र नुसता रायझरच ५५ सेंमीच्या पुढे जातो. प्रत्यक्षात पाठीवरच्या बॅगेला टीसी सहसा टेप लावत नाही, हे खरं. पण नियम त्याच्या बाजूने आहे हे आपल्याला ठाऊक असावं, म्हणजे हक्काच्या सुरात वाद घातला जात नाही. मी स्वतः साहित्यासोबतचं तिकीट शक्यतो स्लीपरचं किंवा टू टिअरचं काढतो. वंदे भारतसारख्या चेअर कारच्या गाड्या दिवसभरात पोचवतात हे सोयीचं खरं, पण तिथे बसायच्या जागेपाशी पेटी ठेवायला वाव नसतो आणि मापही आड येतं.

कंपाउंडवाल्यांचं खरं दुखणं इथेच आहे. लक्ष्यवेधाचं कंपाउंड एका ॲक्सलपासून (टोकाच्या चाकाच्या आसापासून) दुसऱ्यापर्यंत ३६ ते ४० इंचांचं असतं, म्हणजे ९१ ते १०२ सेंमी. त्याच्या पुढे कॅम, म्हणजे ती चाकं, येतात. रिकर्व्हसारखं ते हाताने सुटं करता येत नाही, त्याला बो-प्रेस (धनुष्य दाबून धरणारं यंत्र) लागतो. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच कडक पेट्या १०० सेंमीहून लांब असतात. म्हणून पेटी घ्यायच्या आधीच बाहेरचं माप विचारा. दुकानदार बहुधा आतलं माप सांगतो आणि चाकं, कडा, हँडल धरून ४-५ सेंमी वाढतात. धनुष्य लहान ॲक्सलचं असेल तर अंगाबरोबर बसणारी मऊ केस १०० सेंमीच्या आसपास येते. रेल्वेप्रवास वारंवार होणार असेल तर मला तीच बरी वाटते.

इंडियन राउंड (देशी धनुष्याचा प्रकार) खेळणाऱ्या मुलांचं धनुष्य बांबूचं किंवा लाकडाचं, आणि अनेकदा एकसंध असतं. ते उभ्या मुलाच्या खांद्यापर्यंत येतं, मग कुठल्या पेटीत मावणार? ही मुलं बहुधा अशा घरांतली असतात जिथे नवं साहित्य घेणं सोपं नसतं, आणि नियमाची कात्री नेमकी त्यांच्यावर चालते, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्यासाठी चांगला मार्ग म्हणजे संघाची सगळी धनुष्यं एकत्र, नीट बांधून, व्यवस्थापकाच्या तिकिटावर ब्रेक व्हॅनमध्ये नोंदवणं.

वजन

वजनाची चिंता फारशी नको. मोफत मर्यादा फर्स्ट एसीत ७० किलो, टू टिअरमध्ये ५०, थ्री टिअर, चेअर कार आणि स्लीपरमध्ये ४०, तर सेकंड क्लासमध्ये ३५ किलो आहे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना याच्या निम्मी. धनुष्य, बाण, स्टँड आणि अवजारं मिळूनही एका खेळाडूचं ओझं सहसा यात बसतं. गडबड होते ती एकच प्रशिक्षक पाच मुलांच्या पेट्या स्वतःच्या सीटखाली घेऊन बसतो तेव्हा. मर्यादेवरचं वजन आधी नोंदवलं तर लगेज दराच्या दीडपट आकार पडतो. न नोंदवता वाटेत पकडलं गेलं आणि मोफत मर्यादेवर मिळणारी थोडीशी सूटही ओलांडलेली असली तर सहापट. पेट्या ज्याच्या त्याच्या तिकिटावर, ज्याच्या त्याच्या बर्थखाली ठेवाव्यात.

बाण आणि बाकीची अवजारं

बाण नेहमी बंद नळीत किंवा पेटीतच ठेवा. क्विव्हर (बाणांचा भाता) कमरेला लावून फलाटावर फिरणं नको. बाणांची टोकं लक्ष्यवेधाचीच असावीत. शिकारीच्या पात्यांची टोकं खेळात लागतच नाहीत, आणि तपासणीत ती सापडली तर पुढचं सगळं स्पष्टीकरण वाया जातं. ॲलन की आणि बो-स्क्वेअर (धनुष्याची मापं घ्यायची पट्टी) एका पाऊचमध्ये ठेवा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बाणाची पिसं चिकटवण्याआधी त्याची काडी पुसायला आपण ॲसिटोन किंवा स्पिरिट वापरतो. ती बाटली ज्वालाग्राही आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ नुसार धोकादायक वस्तू बेकायदा गाडीत नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. धनुष्य नियमात बसतं आणि ही चिमुकली बाटली बसत नाही. ती घरी ठेवा आणि स्पर्धेच्या गावी विकत घ्या. डोरीचं मेण खुशाल न्या.

कागदपत्रं: कोणती, आणि कुठे ठेवायची

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या टर्मिनसवर मुलीची बॅग स्कॅनरमधून गेली आणि पडद्यावर एक डझन कार्बनच्या काड्या दिसल्या. "इसमें क्या है?" जवानाने विचारलं. प्रश्न रास्त होता. स्पर्धेचं पत्र माझ्या फोनमध्ये होतं, शेकडो फोटोंच्या खाली कुठेतरी. ते सापडेपर्यंत रांग खोळंबली, मुलगी रडकुंडीला आली आणि गाडी सुटायला १२ मिनिटं उरली. पत्र दाखवल्यावर त्याच जवानाने बॅग उचलायला मदत केली. त्या दिवसापासून सगळे कागद छापील प्रतीत, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात असतात.

त्या फोल्डरमध्ये पहिला कागद स्पर्धेचं निमंत्रण किंवा परिपत्रक. त्यावर तारीख आणि ठिकाण असतं आणि ते तिकिटाशी जुळतं, म्हणून तोच सगळ्यात जास्त कामाला येतो. त्यामागे क्लबच्या किंवा जिल्हा संघटनेच्या लेटरहेडवरचं पत्र, सही-शिक्क्यासह. शालेय स्पर्धा असेल तर शाळेचं आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचं पत्र घ्या. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे क्रीडा खात्यासाठी वेगवेगळे जिल्हे आहेत, तेव्हा आपली शाळा कुठल्या जिल्ह्यात मोडते ते पाहूनच पत्र मागा. मग खेळाडूचं ओळखपत्र, आधार, लहान मुलांचं शाळेचं ओळखपत्र. साहित्याची खरेदीची बिलं आणि एक यादी: रायझरचा मेक, रंग, अनुक्रमांक, बाण किती, पेटी किती. सोबत पेटी उघडून काढलेला एक फोटो. चोरी किंवा नुकसान झालं तर तक्रारीला हीच यादी लागते.

संघटनेकडून पत्र मागताना अर्ज लांबलचक नको. खेळाडूचं नाव, वय, प्रकार, स्पर्धेचं नाव आणि तारखा, जाण्या-येण्याच्या गाड्या, साहित्याची यादी एवढं पुरे. पत्रात "सदर साहित्य क्रीडा प्रकारासाठीचे असून पेटीबंद नेले जात आहे" हे वाक्य आवर्जून असू द्या, आणि एक प्रत हिंदीत किंवा इंग्रजीत घ्या. महाराष्ट्राबाहेरच्या स्थानकावर मराठी पत्र वाचणार कोण? निघण्याच्या किमान ८ दिवस आधी अर्ज द्या, कारण शिक्का मारणारा माणूस नेमका त्याच आठवड्यात दुसऱ्या स्पर्धेला गेलेला असतो.

मुंबईकरांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष ठेवावं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात मनाईहुकूम निघतात, वर्षात अनेकदा. तलवारी, भाले, लाठ्या यांच्यासोबतच शारीरिक इजा करायला वापरता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगण्यावर त्यात बंदी घालता येते. सणावाराला किंवा निवडणुकीच्या दिवसांत प्रवास असेल तर हुकूम निघाला आहे का ते आधी पाहा, आणि असल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात पत्र दाखवून विचारून घ्या. धनुष्य त्या दिवसांत पेटीबाहेर काढूच नका, अगदी घराजवळच्या लोकलमध्येही. बोरिवलीहून कुर्ला टर्मिनसला लोकलने जायचं असेल तर लगेजचा डबा धरा आणि सकाळची गर्दी टाळा. दाराशी दाबला गेलेला लिंब (धनुष्याचा लवचिक बाहू) पिळतो, आणि ते रेंजवर पहिला बाण सोडेपर्यंत कळत नाही.

ब्रेक व्हॅनमध्ये नोंदवायचं झालं तर

पेटीवर मालकाचं नाव, पत्ता, जायचं स्थानक ठळक लिहा आणि जुन्या प्रवासाची लेबलं खरवडून काढा. गाडी सुटण्याच्या किमान ३० मिनिटं आधी सामान लगेज कार्यालयात पोचावं असा नियम आहे. सीएसएमटी, दादर, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस किंवा कुर्ला टर्मिनसची गर्दी पाहता मी दीड-दोन तास धरतो. तिकीट दाखवा, वजन करून घ्या, पैसे भरा, लगेज तिकीट जपून ठेवा. गाडी जिथून सुटते तिथूनच नोंदवा. मधल्या स्थानकावर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात पेटी चढेल की राहील हा घोर कशाला?

आणि किंमत जाहीर करा. हे मी कळकळीने सांगतो. किंमत जाहीर न करता, त्यावरचा टक्केवारी आकार न भरता सामान दिलं तर रेल्वेची भरपाईची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरती मर्यादित राहते. १२ किलोच्या पेटीत दीड लाखाचं कंपाउंड असलं तरी हातात पडतील जास्तीत जास्त १,२०० रुपये. आकार भरताना खिसा दुखतो खरा, पण खेळाडूचं पुढचं वर्ष त्या पेटीत असतं. डब्यात स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाला तर रेल्वे कर्मचाऱ्याची हयगय सिद्ध झाल्याशिवाय रेल्वे जबाबदारच नसते. रेल्वे कायद्याचं कलम १०० तेच सांगतं. म्हणून रात्री पेटी साखळीने बर्थला बांधा.

सवलतीबद्दल

पूर्वी स्पर्धेला जाणाऱ्या खेळाडूंना भाड्यात सवलत असे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने विद्यार्थी, काही आजारांचे रुग्ण आणि दिव्यांगांच्या काही श्रेणी सोडून बाकीच्या सवलती थांबवल्या, त्यात खेळाडूही गेले. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग पॅरा-तिरंदाजांना मात्र दिव्यांग म्हणून स्लीपर आणि थ्री टिअरमध्ये ७५ टक्के सवलत मिळते, आणि सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं सवलत ओळखपत्र आधी काढून ठेवा.

अडलंच तर

कुणी पेटी उघडायला सांगितली तर उघडा, पण साहित्य स्वतःच हाताळा. डोरी चढवून, ओढून दाखवू नका. बाण न लावता डोरी सोडली तर लिंब जाऊ शकतो, आणि गर्दीत धनुष्य ताणलेलं पाहून लोक घाबरतात. आवाज न चढवता पत्र पुढे करा. तरीही जमलं नाही तर उपस्टेशन व्यवस्थापकांकडे जा. चालत्या गाडीत असाल तर १३९ वर फोन करा किंवा रेल मदद ॲपवर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून घ्या.

उतरल्यावर ब्रेक व्हॅनमधली पेटी ताब्यात घेताना कार्यालयातच उघडून पाहा, स्थानकाबाहेर रिक्षात बसून नव्हे. लिंब वाकलेला, कॅम ठेचलेला दिसला तर तिथेच लेखी नोंद करून घ्या, फोटो काढा. भरपाईची नोटीस सामान रेल्वेच्या हवाली केल्यापासून ६ महिन्यांच्या आत रेल्वे प्रशासनाला द्यावी लागते, आणि त्यांनी दाद दिली नाही तर रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. तिथे लगेज तिकीट, जाहीर केलेल्या किमतीची पावती आणि निघताना केलेली ती यादी लागेल.