सोन्याचा अँटेना आणि प्रकाशाचा ठिपका

मोबाइलच्या चालू पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब पडला की पांढऱ्याशुभ्र जागी लाल, हिरवे आणि निळे ठिपके दिसू लागतात. थेंब भिंगाचे काम करतो आणि एकसंध वाटणारे चित्र किती सुट्या दिव्यांचे बनलेले आहे, हे लक्षात येते. चांगल्या फोनमधील असा एक पिक्सेल साधारण 50 ते 60 मायक्रोमीटर रुंदीचा असतो आणि हातात धरायच्या पडद्याला तेवढे पुरते. परंतु चष्म्याच्या दांडीत मावेल एवढा पडदा हवा असेल, तर हाच ठिपका कितीतरी पटींनी लहान करावा लागतो.

जर्मनीतील वुर्झबर्ग विद्यापीठात बर्ट हेख्त आणि येन्स फ्लाउम यांच्या गटांनी 2025 मध्ये जेमतेम 300 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) लांबी-रुंदीचा, नारिंगी प्रकाश देणारा ओएलईडी पिक्सेल, म्हणजे वीज सोडली की स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थाच्या थरांचा ठिपका, करून दाखवला. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दोनशेहून अधिक पिक्सेल ओळीने बसतील. 1920 गुणिले 1080 पिक्सेलांचा संपूर्ण पडदा या मापाने एका चौरस मिलिमीटरमध्ये मावू शकतो.

नारिंगी प्रकाशाची तरंगलांबी सुमारे 600 नॅनोमीटर असते, म्हणजे येथे दिवा स्वतःच्या प्रकाशलहरीपेक्षाही लहान आहे. इतक्या लहान जागेतून प्रकाश नीट बाहेर पडत नाही, आणि म्हणूनच अँटेना लागतो. अँटेनाचे माप लहरीच्या मापावरून ठरते. मीडियम वेव्ह रेडिओच्या लहरी शेकडो मीटर लांब, म्हणून त्यांचे मनोरे उंच. जगदीशचंद्र बोस यांनी 1895च्या सुमारास कोलकात्यात मिलिमीटर लहरींवर प्रयोग केले, तेव्हा त्यांची उपकरणे टेबलावर मावत होती. प्रकाशासाठी हाच अँटेना नॅनोमीटरमध्ये घडवावा लागतो. वुर्झबर्गच्या पिक्सेलमध्ये सोन्याचा चौकोनी तुकडा दोन कामे करतो: सेंद्रिय थरांत वीज सोडतो आणि तेथे निर्माण झालेला प्रकाश बाहेर फेकतो. त्यामुळे हा ठिपका 5 मायक्रोमीटर लांबी-रुंदीच्या नेहमीच्या ओएलईडी पिक्सेलइतका उजळ दिसतो.

मला या संशोधनातील सर्वांत मोलाचा भाग मात्र वेगळाच वाटतो. नेहमीची रचना नुसती लहान करत नेली, तर विद्युतक्षेत्र सोन्याच्या तुकड्याच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर एकवटते, जसे ते विजेपासून रक्षण करणाऱ्या तडितवाहकाच्या टोकाशी एकवटते. या जोरदार क्षेत्रात सोन्याचे अणू जागचे हलतात, मऊ सेंद्रिय पदार्थात बारीक तंतूंसारखे वाढत जातात आणि पलीकडच्या टोकाला भिडले की शॉर्ट सर्किट होऊन पिक्सेल कायमचा विझतो. संशोधकांनी अँटेनावर विद्युतरोधक थर चढवला आणि मधोमध फक्त 200 नॅनोमीटर व्यासाचे गोल छिद्र मोकळे ठेवले. कोपरे झाकले गेले, वीज केवळ मधूनच वाहू लागली आणि तंतू वाढण्याचे कारणच उरले नाही. असे पिक्सेल साध्या हवेत दोन आठवडे टिकले.

दोन आठवडे म्हणजे बाजारातल्या वस्तूचे आयुष्य नव्हे, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. कार्यक्षमता सध्या अवघी 1 टक्क्याच्या आसपास आहे आणि रंग एकच आहे. थेंबाखाली दिसणाऱ्या लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांची जागा घ्यायची, तर प्रत्येक रंगाच्या तरंगलांबीला जुळणारा अँटेना घडवून ते तिन्ही शेजारी शेजारी बसवावे लागतील.