रोमने परके देव कसे स्वीकारले आणि कुठे अडवले

प्राचीन रोम इतर धर्मांबाबत उदार होता की क्रूर? पुरावा दोन्ही बाजूंनी सापडतो. इजिप्तची इसिस, ग्रीसचा एस्क्युलेपियस, आशिया मायनरची महामाता या सगळ्यांची देवळे रोम शहरात होती. त्याच राज्यात ख्रिस्ती म्हणवून घेतल्याबद्दल माणसे मारलीही गेली. हे कोडे उलगडायचे तर आधी रोमन बळीविधी नीट पाहावा लागतो, कारण त्या राज्याच्या दृष्टीने धर्म म्हणजे मुख्यतः तोच होता.

सार्वजनिक बळीचा यजमान बहुधा राज्याचा अधिकारी असे. टोगा या रोमन अंगवस्त्राचा पदर डोक्यावर घेऊन तो उभा राही. प्रार्थना पाठ म्हणण्यावर भरवसा नसे. एक जण लेखी मजकूर सांगे, दुसरा शब्द चुकत नाही ना यावर लक्ष ठेवी, तिसरा लोकांना गप्प राखी आणि बाहेरचा अशुभ आवाज कानी पडू नये म्हणून पावा अखंड वाजत राही. अग्नीत धूप आणि मद्य वाहून झाले की जनावराच्या अंगावर ‘मोला साल्सा’ टाकत. आपण ज्याला खपली म्हणतो त्याच जातीच्या गव्हाचे हे खारवलेले भरड पीठ. चुलीची देवता व्हेस्टा हिच्या पुजारिणी ते स्वतः तयार करत. ७ ते १४ मे या काळात एक दिवसाआड तिघी ज्येष्ठ पुजारिणी कणसे खुडून आणत. त्यानंतर कपाळावर मद्य ओतून सुरी पाठीवरून शेपटीपर्यंत फिरवली, की जनावर देवाचे झाले. बैलाला घाव घालून बधिर करत, मग गळा चिरत. यकृत, पित्ताशय, फुप्फुसे आणि हृदय तपासत. त्यात काही विकृत दिसले तर देवाने बळी नाकारला असे समजून दुसरे जनावर आणत आणि देव मान्य करीपर्यंत हे चाले. ते अवयव देवाच्या वाट्याचे, उरलेले मांस माणसांच्या जेवणाला.

चूक झाली तर भरपाई ठरलेली होती. इ.स.पू. १७६ मध्ये रोम आणि शेजारची लॅटिन गावे मिळून करत त्या लॅटिन उत्सवात लानुव्हियम गावचा अधिकारी एका बळीच्या वेळी रोमन जनतेसाठी प्रार्थना करायला विसरला. धर्माधिकाऱ्यांनी सगळा उत्सव पुन्हा करायला लावला आणि बळीच्या जनावरांचा खर्च लानुव्हियमवर टाकला. त्या अधिकाऱ्याची श्रद्धा किती खरी, हा मुद्दाच नव्हता. देवांशी राज्याचा सलोखा बिघडू नये, एवढीच काळजी.

अशा धर्मात अनोळखी देवाची अडचण होत नाही, उलट त्याला दुर्लक्षित ठेवण्याचीच भीती वाटते. रोमन मुत्सद्दी थोरल्या केटोने शेतीवरील ग्रंथात देवराईतली झाडे विरळ करण्याआधी डुक्कर बळी द्यायला सांगितले आहे. तिथल्या प्रार्थनेची सुरुवात अशी, की ‘ही राई ज्याची आहे तो तू देव असशील वा देवी असशील’. नाव ठाऊक नसले तरी मान चुकवायचा नाही.

शहरात देव आणायचा तर मात्र रीत होती. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी युद्ध चालू असताना, इ.स.पू. २०५ मध्ये, सिबिलाईन ग्रंथांचा, म्हणजे राज्याने जपलेल्या भविष्यवाणीच्या पोथ्यांचा, कौल घेऊन महामातेला आणायचे ठरले. पुढच्या वर्षी तिची काळी शिळा रोमला पोचली. इ.स.पू. १९१ मध्ये पॅलाटाईन टेकडीवर, म्हणजे शहराच्या अगदी मर्मस्थानी, तिचे देऊळ झाले. तिचे पुजारी मात्र स्वतःला खच्ची करून घेणारे. रोमन नागरिकांना त्या पुजाऱ्यांत सामील व्हायला बंदी होती. देवी स्वीकारली, पण तिच्या भक्तीची चौकट राज्याने आखली.

ही चौकट मोडली की काय होई, ते इ.स.पू. १८६ च्या सिनेटच्या ठरावात दिसते. तो कोरलेला ब्राँझचा पत्रा दक्षिण इटलीतल्या तिरिओलो गावी १६४० मध्ये सापडला. आज तो व्हिएन्नात आहे. विषय मद्याचा देव बॅकस याच्या गुप्त मेळाव्यांचा. माझ्या मते रोमन धर्मनीती समजायला याच्याइतका बोलका दस्तऐवज नाही, कारण बॅकसची पूजा त्यात सरसकट बंद केलेली नाही. बंदी आहे ती पुरुषांनी पुजारी होण्यावर, सामायिक निधी ठेवण्यावर, एकमेकांना शपथेने बांधून घेण्यावर आणि गुपचूप विधी करण्यावर. परवानगीशिवाय पाचांहून अधिक जणांनी जमायचे नाही, त्यांत पुरुष दोन आणि स्त्रिया तीन. परवानगी हवी तर रोमच्या प्रेटरकडे, म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकाऱ्याकडे, जायचे आणि निर्णयाच्या वेळी सिनेटचे किमान १०० सभासद हजर हवेत. मोडणाऱ्याला देहदंड. सिनेटला धास्ती होती ती शपथ, पैसा आणि पुढारी असलेल्या, आपल्या नजरेआडच्या संघटनेची.

ज्यू एकच देव मानत आणि रोमन देवांना बळी देत नसत. तरी त्यांना सवलत होती, कारण तो त्यांचा पूर्वापार कुळाचार होता आणि जेरुसलेमच्या मंदिरात सम्राटाच्या कल्याणासाठी त्यांच्या देवाला रोज बळी दिला जाई. हा बळी इ.स. ६६ मध्ये थांबला तो बंडाची घोषणा म्हणूनच. इ.स. ७० मध्ये मंदिर पाडल्यावर, पूर्वी तिथे जाणारा दोन द्राख्माचा वार्षिक कर ज्यूंना ज्युपिटरच्या नावाने भरावा लागला.

ख्रिस्ती लोकांकडे असा जुना कुळाचार नव्हता. वाडवडिलांचे देव सोडून ते नवी मंडळी बांधत होते. तरी सम्राट ट्राजनने सुमारे इ.स. ११२ मध्ये सुभेदार प्लिनीला लिहिले, की त्यांना शोधत फिरू नये, निनावी तक्रार घेऊ नये आणि देवांची पूजा करून दाखवील त्याला सोडावे.

चित्र खरे बदलले इ.स. २५० मध्ये. गॉथ या जर्मानिक टोळ्यांच्या स्वाऱ्या चालू होत्या आणि सम्राट डेशियसने साऱ्या साम्राज्याला बळी देण्याचा हुकूम काढला. इ.स. २१२ पासून जवळजवळ सगळे स्वतंत्र रहिवासी रोमन नागरिक झाले होते, त्यामुळे असा सरसकट हुकूम काढता आला. बळी दिल्याचा लेखी दाखला घ्यावा लागे आणि इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर टिकले आहेत. मजकूर ठरीव आहे. नाव, बापाचे नाव, गाव, मग ‘मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्यासमोर मद्य वाहिले, बळी दिला, प्रसाद चाखला’ आणि खाली साक्षीदारांच्या सह्या. २६ जूनच्या एका दाखल्यात ७२ वर्षांच्या ऑरेलियस डायोजिनीसची ओळख म्हणून उजव्या भुवईवरचा व्रण नोंदला आहे. दुसरा दाखला मगरदेवाच्या पुजारिणीचा आहे. जन्मभर देवपूजा करणाऱ्या या बाईलाही तो घ्यावा लागला. ख्रिस्ताला नाकारा असे त्यांत कुठेच लिहिलेले नाही आणि कोणत्या देवाला बळी दिला, तेही नाही.

हुकूम सर्वांना होता, पण खचली ती ख्रिस्ती मंडळी. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप जाळला, कोणी बळी न देताच लाच देऊन दाखला मिळवला. डेशियस २५१ मध्ये गॉथांशी लढताना मारला गेला आणि त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये बिशपांनी या लोकांचे काय करायचे ते ठरवले. दाखला विकत घेणाऱ्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यायचे. प्रत्यक्ष बळी देणाऱ्यांनी प्रायश्चित्त चालू ठेवायचे आणि त्यांना क्षमा मरणशय्येवर.