सनदेची तारीख आधी पाडून घ्या, बाकी सगळं मागाहून

एलएलबीचा रिझल्ट लागला की आमच्याकडे कोकणात एकच उत्तर, गणपती होऊन जाऊदे मग मुंबईला जाऊन सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं बघू. गणपती होतात, शिमगा येतो, मधेच कुठेतरी बारा हजाराची नोकरी लागते आणि वर्ष कधी गेलं कळत नाही. मी स्वतः असे सात महिने घालवलेत म्हणून सांगतोय, कारण पुढे वकिलीत जे जे काही मिळवायचंय त्याची वर्षं सनदेपासून मोजतात. ज्याच्या घरात याआधी कोणी वकील नव्हता त्याला हे सांगणारंच कोणी नसतं.

पात्रता सोपी आहे. भारताचा नागरिक, वय 21 पूर्ण, मान्यताप्राप्त कॉलेजची एलएलबी. पगारी नोकरी चालू असेल तर सनद घेऊन वकिली करता येत नाही, त्यामुळे ती आधी सोडावी लागते. अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे.

फीचं नीट वाचा, कारण अजून गावात लोक पंधरा-वीस हजार सांगतात आणि पोरं घाबरून गप्प बसतात. 30 जुलै 2024 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायद्यात लिहिलीय त्यापेक्षा जास्त एनरोलमेंट फी (सनदेच्या नोंदणीची फी) घ्यायची नाही. म्हणजे ओपन आणि ओबीसीला 750 रुपये, एससी-एसटीला 125, वर स्टॅम्पचा खर्च असेल तेवढा. कुणबी, भंडारी, आगरी पोरांनी लक्षात घ्या, ओबीसीला ही सवलत नाही, दाखला जोडलात तरी 750च.

कागदपत्रं: दहावी-बारावी, डिग्री असेल तर ती, एलएलबीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट (केटी लागलेल्या पण), पासिंग किंवा डिग्री सर्टिफिकेट, जन्मतारखेसाठी शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँड (वकिलाची गळ्यातली पांढरी पट्टी) घातलेले फोटो, गुन्हा आणि नोकरीबद्दलचं अ‍ॅफिडेव्हिट. पण खरी गाडी अडते ती नावावर. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक ए जास्त, आधारवर नाही, आणि खिडकीवरचे साहेब दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पेनाने त्या एकाच अक्षरावर टकटक करत बसले, मी आपला रात्रीची एसटी पकडून परत. मुंबईची एक फेरी म्हणजे दोन दिवस आणि हजार-बाराशे. तेव्हा घरी बसून सगळ्या कागदांवरचं स्पेलिंग जुळवा, आणि लग्न झालेल्या मुलींनी नाव बदललं असेल तर गॅझेट आधीच करून घ्या.

एससी-एसटीचा जातीचा दाखला नसेल तर आजच लागा. सेतूत किंवा आपले सरकारवर अर्ज, सही प्रांतांची. एससीला 10 ऑगस्ट 1950 आणि एसटीला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा नाहीतर तहसीलमधल्या जुन्या कोतवाल बुकातली (गावच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातली) नोंद. आपल्याकडच्या दमट हवेत त्या रजिस्टरांची काय हालत असते ते माहितीय, पान हाताला चिकटून येतं, म्हणून पावसाच्या आधी जा. लग्न झालेल्या बाईला माहेरच्याच, म्हणजे वडिलांकडच्या पुराव्यावर दाखला मिळतो, सासरचे कागद चालत नाहीत.

सनद मिळाली की दोन वर्षांत एआयबीई, म्हणजे ऑल इंडिया बार एक्झाम, पास व्हायची. 100 प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, ओपन-ओबीसीला 45 टक्के, एससी-एसटीला 40. नोट्स नसलेले बेअर अ‍ॅक्ट (नुसत्या कायद्याची पुस्तकं) आत नेता येतात, त्यामुळे फार टेन्शन घेऊ नका, पण अ‍ॅक्ट नुसते नेऊन उपयोग नाही, कुठे काय आहे ते हाताला माहिती पाहिजे.

आता ती तारीख कशाला हवी ते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर, म्हणजे गरिबांच्या केसेस फुकट लढवणाऱ्या वकिलांच्या यादीत, यायला किमान तीन वर्षांची वकिली लागते. आणि 20 मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेलाही तीन वर्षांची प्रॅक्टिस आली, ती प्रोव्हिजनल (एआयबीईच्या आधी मिळते त्या) सनदेच्या तारखेपासून धरतात, एआयबीई पास झाल्यापासून नाही. मला विचाराल तर आधी पॅनल. पैसे कमी मिळतात पण केस तुमची स्वतःची असते, सीनियरच्या मागे बॅग धरून उभं राहायचं नाही. समोर कातकरी वाडीवरची बाई असते जिला अर्जावर अंगठा कुठे लावायचा तेही कोणी धड सांगितलेलं नसतं. चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टात 1927 ला दाखल झाला, प्रतिवादींमध्ये बाबासाहेब स्वतः, आणि हायकोर्टाचा निकाल 1937 ला आला. आपल्या जिल्ह्यातल्या कोर्टात काय काय घडू शकतं त्याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या हायकोर्टाच्या केसेस कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, रायगड मुंबईलाच राहिलंय, तेव्हा सीनियर निवडताना तेही बघा.

शेवटचं एक. न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या प्रॅक्टिसचा दाखला दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाकडून घेऊन त्यावर जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. पहिल्या दिवसापासून ज्या वकीलपत्रावर तुमची सही आहे त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, माझ्याकडे पहिल्या वर्षाचे फक्त चार सापडले.